आत्याचं विरजण आणि अर्धी कातरलेली मेंढी

साताऱ्याकडून परतणारा माणूस येताना कंदी पेढे आणतो. मी डबाभर जंतू आणि एक आत्या घेऊन आले. कसे आणले ते सांगते, कारण तिकडे जाऊन आलेली माणसं फक्त रस्त्याचे खड्डे सांगतात आणि महत्त्वाचं सांगत नाहीत.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाले. हे मी पुढे एकदोनदा पुन्हा सांगेन, मनावर घेऊ नका. घरी सांगून सांगून जिभेला सवय लागली आहे. आता सांगलीत एका प्रयोगशाळेत काम करते. काम सोपं करून सांगायचं तर असं. दह्यात जिवाणू असतात. ते दुधातली साखर खातात आणि मागे काही ना काही टाकतात: आम्लं, प्रथिनांचे तुकडे, स्वतःच्या सालपटांचे अवशेष. आम्ही जिवाणू गाळून फेकतो आणि मागे राहिलेलं पाणी ठेवतो. ते पाणी काचेच्या बशीत वाढवलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर घालतो आणि बघत बसतो. काही पाण्यांनी काही पेशींची वाढ मंदावते, काही पेशी मरतात. बशीत. माणसात नाही. हे 'बशीत' मी इतक्या ठासून का म्हणते ते पुढे कळेल.

आमच्या मॅडमना खात्री होती की दुष्काळी भागात घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली विरजणं असतील आणि त्यांत कुणी तरी कर्तबगार जिवाणू दडलेला असेल. "पूनम, तू तिकडचीच ना? जा, वीस घरचं दही आण," असं म्हणून त्यांनी मला पाठवलं. बर्फाचा खोका फुटला होता, म्हणून कपाटावरचा जुना अ‍ॅल्युमिनियमचा जाड डबा दिला. गावाकडे म्हशी भरवायला, म्हणजे कृत्रिम रेतनाला, डॉक्टर येतो, त्याच्या मोटारसायकलला अगदी असाच डबा बांधलेला असतो. सांगलीच्या मॅडमना हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. मला होतं, पण मी गप्प बसले.

उंब्रज

वाट वाकडी करून आधी उंब्रजला, आमच्या घरी गेले, कारण गाडी तिथे होती. गाडी म्हणजे बापूकाकांची व्हॅन. बापूकाका माझे धाकटे चुलते, सैन्यात ड्रायव्हर होते. निवृत्त झाले तरी हात अजून कॉन्व्हॉयमध्ये आहेत. पुढे बैलगाडी असली तरी तिच्यापासून ठरलेलं अंतर राखून चालवतात.

आईने आख्खा मसूर आणि भाकरी वाढली आणि डब्याकडे बघून तोंडाला पदर लावला. काकांनी मात्र सरळ विचारलं, "ह्ये घिऊन गावात फिरनार? मान्सं म्हशी सोडून आनतील गं."

"काका, ह्यात दही न्यायचंय."

"दही आनायला येवडं शिकलीस व्हय? गल्लीच्या मोडावरची खुळी बाई बी तांब्याभर दही फुकट आनती."

मग मी त्यांना सगळं समजावलं. जिवाणू काय खातात, काय टाकतात, आम्ही काय ठेवतो. काकांनी सैनिकासारखं ताठ बसून ऐकलं आणि अहवाल दिला, "म्हंजी जंतू जेवून उठलं की त्येंचं खरकटं तुमी गोळा करनार."

मी रागावणार होते, पण विचार केला तर चूक काय होतं? त्या दिवसापासून आमच्याकडे त्या पाण्याला खरकटंच म्हणतात. मॅडमसमोरही माझ्या तोंडून एकदा निघालं.

"आन ह्ये खरकटं कशावर चालतंय?"

"स्तनाच्या कॅन्सरवर. अजून तपासतोय."

काका एकदम मागचा टायर बघायला उठले. ज्या माणसाने बर्फात चार महिने काढले त्याला हा एक शब्द सोसत नाही. परत आले आणि म्हणाले, "म्हंजी आपल्या आक्काला झालंय त्येच की. ते... वरचं."

"व्हय काका. तेच."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी सिंधूआत्या. आम्ही तिच्याकडेच मुक्कामाला निघालो होतो.

वडूज

मसूर गावाच्या पुढे उसाची हिरवी भिंत पातळ होत जाते आणि मग एकदम संपते. आमच्याकडे कृष्णेच्या काठाला माणूस बादलीभर पाणी सहज अंगणात भिरकावतो. वडूजकडे पाहुण्याला पाण्याचा तांब्या देताना आधी तुमच्या तोंडाकडे बघून तहानेचा अंदाज घेतात आणि तेवढाच भरतात. डोंगरावर पवनचक्क्या फिरत असतात. वारा मात्र भरपूर, तो मोजून देत नाहीत.

सिंधूआत्या दारातच उभी होती. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, वारल्यापासून ती एकटी राहते, मुलगा सरहद्दीवर. डोक्याला घट्ट रुमाल. सांगलीत तिचं ऑपरेशन होऊन बरेच महिने झाले होते आणि आता सलाईन चालू होत्या. आत्या केमोथेरपीला सलाईन म्हणते. निम्म्या झाल्या होत्या, निम्म्या राहिल्या होत्या. पुढची तारीख परवा सकाळी होती आणि परतताना तिला सोबत न्यायचं असं घरात ठरलेलं होतं.

तिने हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी आणि खर्डा वाढला. खर्डा खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी येत असताना, म्हणजे मी वाद घालायच्या स्थितीत नसताना, ती म्हणाली, "म्या आता सलाईनला येत न्हाई."

काकांचा घास हातातच राहिला. "का गं आक्का?"

"ही पोरगी दह्याचं औषध काढतीया न्हवं? तुज्या आईनं फोनवर सांगितलं. मग माज्या घरात दह्याला काय तोटा हाय? रोज तांब्याभर ताक पिते. सुई नगं आन सांगली नगं."

मी पाणी पिऊन घेतलं. "आत्या, ते अजून औषध न्हाई. बशीत चालतंय म्हंजे माणसात चालंल असं न्हाई. बशीतल्या पेशींवर साबणाचं पाणी टाकलं तरी मरतात. मग साबण खाशील?"

"साबन कशाला खाऊ? ताक खाईन की."

"आन आम्ही ताक वापरतच न्हाई. जिवाणू काढून टाकतो, उरलेलं वापरतो. सलाईननं अंगातली ताकद कमी झालेली असती, त्यात जिवंत जंतू नकोत म्हणूनच तर ही खटपट."

"बग, तूच म्हन्तीस सलाईननं ताकद कमी हुती."

मी पुन्हा भाकरीकडे वळले. मी एम.एस्सी. आहे, वादविवाद स्पर्धेत बक्षीस आहे. काकांनी हुकूम देऊन बघितला: "परवा पहाटे पाच वाजता फॉल-इन!" आत्याने त्यांच्या ताटात आणखी खर्डा वाढला.

संध्याकाळी मी निर्जंतुक बाटल्या घेऊन गल्लीत निघाले. पहिल्याच दारात शेजारची शालनकाकू हात जोडून म्हणाली, "पूनम, दिवं लागलं की गं. आता विरजन न्हाई द्यायचं."

दिवेलागण झाल्यावर आमच्याही घरी मीठ आणि विरजण कुणाला देत नाहीत. घरची लक्ष्मी वाटीतून बाहेर जाते म्हणतात. पण शास्त्रीय कामाला ही सवलत असेल असं मला उगाच वाटलं होतं. नव्हती. बाटल्या घरोघर ठेवल्या आणि सांगितलं, सकाळी ह्यात चमचाभर दही घाला, बाकी काही करू नका.

दुसरी सकाळ, गल्लीतली

बाकी सगळं केलं होतं. बायकांनी निर्जंतुक बाटल्या राखेने घासून लख्ख केल्या होत्या. "आमच्या घरातनं घान बाटली सांगलीला जाईल व्हय?" उन्हात वाळवल्या होत्या. दोन बाटल्यांवर हळदकुंकू होतं. काहींत दह्यावर साखर घातलेली, कारण विरजण नुसतं देत नाहीत. एका घरच्या बाटलीत दहीच नव्हतं, लिंबाचं लोणचं होतं. "आमची म्हस आटलीया. म्हनून काय बाटली रिकामी माघारी द्यायची?"

माझ्याकडे जास्तीच्या बाटल्या होत्या. स्वतः दारोदार जाऊन नव्याने भरायला लागले आणि सवयीप्रमाणे प्रत्येकीला विचारलं, विरजण कुठलं?

"सिंधूआक्काचं."

पुढच्या घरी?

"आक्काचंच की."

सगळ्या गल्लीत एकच विरजण होतं. आत्या त्या गल्लीतली दह्याची मालकीण. कुणाचं विरजण बिघडलं की आत्याकडून वाटी जायची. इतकंच नाही, आत्या ऑपरेशनला सांगलीत होती तेव्हा तिचं स्वतःचं विरजण मेलं होतं. ती परत आली तेव्हा शालनकाकूने वाटी आणून दिली होती, "तुमचंच हाय आक्का, ठिवून दिलं हुतं." म्हणजे वीस घरांत वीस वेळा मी एकाच जिवाणूला भेटत होते. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "दुसरीकडचं बघ."

फोन ठेवते तर आत्याच्या ओसरीवर बायका जमलेल्या. हा रोजचा कार्यक्रम. प्रत्येक बाई आपल्या ताकाचा तांब्या आणते, आत्या चव घेऊन निकाल देते: आंबट झालं, उद्या लवकर लाव, मीठ कमी, झकास. त्या दिवशी तिने शालनकाकूचं ताक जिभेवर घेतलं आणि म्हणाली, "मीठ हवं जरा."

"व्हय आक्का," शालनकाकू म्हणाली.

मीही ते ताक चाखलं. एवढं खारट होतं की समुद्र कोकणातून इकडे आला असं वाटलं. मी बोलायला तोंड उघडलं तर काकूने माझ्या पायावर पाय दिला. चांगला दाबून दिला.

माळावर

'दुसरीकडचं' म्हणजे धनगरांचं. वडूजच्या पूर्वेला माळावर बाळाबाई नावाच्या म्हातारीचं घर आहे. पूर्वी वर्षभर मेंढरांमागे फिरायचे, आता थोडी शेतीही करतात. त्यांच्याकडे शेळी-गाईच्या मिसळ दुधाचं जुनं विरजण आहे असं कळलं. आत्या म्हणाली, "मी बी येते. इरजनातलं तुला काय कळतंय?" एम.एस्सी.ला एवढं ऐकून घ्यावं लागतं. मीही मनात म्हटलं, गाडीत बसली तर निदान गाडीची सवय तरी होईल.

गणपतींचं विसर्जन नुकतंच झालं होतं. माळ थोडा हिरवा, आणि मेंढ्यांची कातरणी चालू. म्हातारीची दोन मुलं मेंढी आडवी पाडून कात्रीने लोकर उतरवत होती. कातरलेल्या मेंढ्या आंघोळ करून आलेल्या जावयासारख्या वेगळ्या उभ्या होत्या.

बाळाबाईंनी ताक आणलं. मी आधी विचारलं, "दूध उकळलेलं का?" कारण सलाईन चालू असताना आत्याला कच्चं काही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"न उकळून काय करू? नासंल की."

तरी मी आत्याला फक्त बोट बुडवून चाटू दिलं. बापूकाकांनी पेला तोंडाला लावला, आणि त्यांचा एक डोळा बंद झाला. नंतर दुसरा. मग खांदे कानांपर्यंत वर गेले आणि तिथेच राहिले.

आत्या म्हणाली, "ग्वाड हाय. झकास इरजन हाय तुमचं."

बाळाबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "ग्वाड? बाई, ह्ये परवाचं हाय. चुकून आनलं जनू सुनंनं. ह्यानं मी तांब्याचा हंडा घासते. तुला चव न्हाई का गं?"

काका अजून गिळायचा प्रयत्न करत होते.

आत्याने रुमाल नीट केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "न्हाई. सलाईन चालू झाल्यापासनं न्हाई. सगळं लोखंड चाटल्यावानी लागतंय. आणखी घेतल्या आन चव आलीच न्हाई तर? वसरीवर काय म्हनून बसू? आत्ताच अंदाजानं बोलते बायांशी. कुनाला कळलं न्हाई म्हनून बरं."

मला शालनकाकूचा पाय आठवला. मी म्हटलं, "आत्या, सलाईन संपल्या की बहुतेकांची चव परत येती. हळूहळू येती, पण येती. मी डॉक्टरांना तुझ्यादेखत विचारते."

"आन न घेता?"

"न घेता चव येईल लवकर. पण आजार परत यायची भीती वाढंल. मग चव घिऊन काय करशील?"

एवढं बोलले आणि वाटलं, जास्त बोलले. ह्याच वेळी एक मेंढी निसटली.

निम्मी कातरलेली मेंढी तुम्ही बघितली नसेल तर कुठलीच सहल पूर्ण झाली असं समजू नका. डाव्या बाजूने ती तुकतुकीत, उजव्या बाजूने गादी. वजन एका अंगाला, त्यामुळे सरळ पळता येईना; वाकडी वाकडी पळत ती थेट आमच्या व्हॅनच्या उघड्या दारातून आत गेली. काका "हॉल्ट!" म्हणून ओरडले. मेंढी थांबली नाही. ती दुसऱ्या दाराने बाहेर आली, आणि तिच्या गादीच्या बाजूला माझा बाटल्यांचा गठ्ठा अडकला होता. मग पुढे मेंढी, मागे काका, त्यामागे बाळाबाईंची दोन मुलं आणि कुत्रं, आणि सगळ्यांत मागे पदवीधर मी. कातरलेल्या मेंढ्या तिच्यापासून लांब सरकत होत्या आणि न कातरलेल्याही. तिला कुणीच आपल्यात घेईना.

मागून आवाज आला. बघते तर आत्या दगडावर बसून पोट धरून हसत होती. डोक्याचा रुमाल सुटून गळ्यात आला होता. मी तिला ऑपरेशनपासून एवढं हसताना बघितलं नव्हतं. डोक्यावर कुठे बारीक केस उगवलेले, कुठे काहीच नाही.

मेंढी सापडली. बाटल्या मिळाल्या, एक सोडून. ती बहुधा अजून माळावर आहे. बाळाबाईंनी ताज्या विरजणाची वाटी दिली. गाडीत बसल्यावर आत्याने पुढचा आरसा आपल्याकडे वळवून घेतला. काकांना मागचं काही दिसेना.

"पूने, मी बी तसलीच दिसते का गं? त्या मेंढीवानी?"

मी खोटं बोलत नाही. "व्हय आत्या. थोडी."

ती आरशात बघत राहिली. "अर्धवट कातरलेली," ती स्वतःशीच म्हणाली. "हिकडं बी न्हाई आन तिकडं बी न्हाई." मग आरसा काकांकडे ढकलून म्हणाली, "बापू, पुरीच कातरून घ्यावी म्हन्ते. उद्या सांगलीला चल."

काकांनी एवढ्या जोरात "यस सर!" म्हटलं की कळप पुन्हा उधळला.

"पर आदुगर इरजन शालनच्या हातात दिईन. मागल्या येळंला मेलं तसं न्हाई मरू द्यायचं. आन उद्या अंधारात निघायचं, तवा आजच द्याला पायजे. दिवं लागायच्या आत."

मी घड्याळ बघितलं नाही. सूर्य बघितला. तो डोंगराला टेकायला आला होता.

परत वडूज

काकांनी त्या दिवशी कॉन्व्हॉयचा नियम मोडला. व्हॅन अशी पळवली की डब्यातला जिवाणूही दचकला असेल. वडूज जवळ आलं आणि एका वळणावर टोपीवाल्या शेतकऱ्याने रस्त्याच्या मधोमध हात आडवे केले. शेजारी दोरीला म्हैस.

"आवं डॉक्टर, बरं घावला! सकाळधरनं वाट बगतुया. माजावर हाय, भरवून द्या."

काचेतून माझा डबा दिसला होता.

"आमी डॉक्टर न्हाई," काका म्हणाले.

"मग डबा कशाचा?"

"ह्यात जंतू हायती," मी म्हटलं.

"आमाला बी त्येच पायजे की!"

"दह्याचं जंतू, मामा! दह्याचं!"

तो माणूस म्हशीकडे बघून विचारात पडला. "दह्याचं घातलं तर काय हुईल?"

आत्याने खिडकीतून तोंड बाहेर काढलं. "थेट ताकच दिईल! सर बाजूला, दिवं लागायला आलं!"

तो सरला, पण म्हैस सरेना. काका खाली उतरले आणि तिला कडक सॅल्यूट ठोकून "बाएँ मुड" म्हणाले. ती वळली. सैन्यात कुणाकुणाला कवायत शिकवली होती कोण जाणे.

गल्लीत शिरलो तर रस्त्यावरच्या खांबावरचा दिवा लागलेला. आत्याचं तोंड पडलं. "लागलं की गं दिवं."

"आक्का, त्यो सरकारी दिवा हाय," काका म्हणाले. "त्यो कवा बी लागतो. दुपारी बी चालू असतो. घरचा लागला तर खरं."

तेवढ्यात शालनकाकूच्या उघड्या दारातून दिसलं: काकू देवासमोर बसलेली, समईत वात, हातात काडेपेटी, काडी वर उचललेली.

"शालन! काडी वढू नगंस!" आत्या अशी ओरडली की तिची फुप्फुसं अगदी ठणठणीत असल्याचा दाखला सगळ्या गल्लीला मिळाला.

काडी हवेतच थांबली. आत्या घरात धावली, वाटी आणली, वर साखरेची चिमूट टाकली आणि शालनकाकूच्या हातात दिली. "मी सलाईनला चालले. येस्तवर संभाळ. ह्या येळंला लय फेऱ्या हायती."

काकूने वाटी शिंकाळ्यात ठेवली, मग काडी ओढली. दिवा लागला. काका उगीच टायर बघायला गेले.

सांगली

सकाळी सांगलीत शिरताना बाजारातून हळदीचा वास आला. आत्याला आला नाही, पण तिने मला विचारून घेतला: "कसला येतोय? हळदीचा? आन गुळाचा?" हॉस्पिटलच्या आधी थोडा वेळ होता, म्हणून तिला प्रयोगशाळा दाखवली. मॅडमनी तिला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं आणि बशीतल्या कॅन्सरच्या पेशी दाखवल्या.

"ह्या व्हय? एवड्याशा?" आत्या बराच वेळ बघत राहिली. "माज्या अंगात ह्या असल्या होत्या?"

"अशाच प्रकारच्या," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी जिवाणू, गाळणं, उरलेलं पाणी सगळं समजावलं. मेलेल्या जिवाणूंचे अवशेषही काम करू शकतात, हेही सांगितलं.

"मेल्यावर बी काम करत्यात?" आत्याने विचारलं.

"हो, तेच तर आम्ही तपासतोय."

"त्यात काय तपासायचं? आमच्या सासूबाई जाऊन लय वर्सं झाली. अजून मी भाकरी करपली की दचकते."

मॅडम हसल्या आणि त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं. मला एवढं शिकूनही ह्या विषयावर एवढं चांगलं वाक्य सुचलेलं नाही. निघताना आत्याने बजावलं, "माजं इरजन लागू पडलं तर कळवा. न्हाई पडलं तरी कळवा. तवर मी सलाईन घेते, तुमी बशीत बगा."

डॉक्टरांना मी तिच्यादेखत चवीचं विचारलं. ते म्हणाले, येते. आत्याने "लेखी द्या" म्हटलं. त्यांनी दिलं नाही, पण पुन्हा एकदा जास्त मोठ्याने म्हणाले, येते.

आणि आता

आत्याने सगळ्या सलाईन घेतल्या. प्रत्येक वेळी विरजण दिवसाउजेडी शालनकाकूकडे जाऊन परत आलं. तिच्या जिवाणूने काढलेल्या खरकट्यावर काम चालू आहे. बशीतल्या पेशी थोड्या मंदावल्या. मॅडम म्हणाल्या, पुन्हा कर. पुन्हा केलं. म्हणाल्या, आणखी एकदा कर. शास्त्र असंच असतं, ज्यांना घाई आहे त्यांनी म्हैस भरवावी. तुमच्याकडे कुणी दह्याने कॅन्सर बरा होतो म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा, नाहीतर आत्याकडे पाठवा. ती जास्त वाईट बोलते.

परवा पुन्हा वडूजला गेले. ओसरीवर बायका बसलेल्या, आत्याच्या डोक्यावर आता सगळीकडे सारखे केस. शालनकाकूने तांब्या पुढे केला. आत्याने घोट घेतला, आणि तिचा एक डोळा बंद झाला. नंतर दुसरा.

"शालन," ती हळू आवाजात म्हणाली, "ह्ये काय हाय?"

"ताक, आक्का."

"ह्ये ताक हाय? एवडं खारट? आन आंबट किती! असलं पाजत हुता मला येवडं दिस? आन मी झकास म्हनत हुते, आन तुमी समद्या 'व्हय आक्का, व्हय आक्का' करत हुता? लाजा न्हाईत व्हय गं सटव्यांनो?"

ती प्रत्येकीचा तांब्या ओढून चाखू लागली आणि प्रत्येकीला शिव्या देऊ लागली. पाणचट. करपट. दूध नीट तापवलं न्हाई. तुजं तर म्हशीनं बी पिऊ ने. एकीलाही सोडलं नाही. बायका माना खाली घालून ऐकत होत्या आणि शालनकाकू पदराने डोळे पुसत म्हणत होती, "व्हय आक्का. चुकलं आक्का. आणखी सांगा आक्का."